विश्लेषण : परके मूल सांभाळायला माया पुरेशी का नाही? प्रतिपालक आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कशाचे हवे?

ज्या मुलांना आईवडिलांजवळ राहता येत नाही, त्यांना बालगृहाऐवजी एखाद्या घरात वाढता यावे, यासाठी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये प्रतिपालकत्वाच्या, म्हणजेच फॉस्टर केअरच्या अटी बऱ्याच सैल केल्या. विवाहित जोडप्यांबरोबरच अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तींनाही आता मूल सांभाळायला घेता येते. सांभाळलेले मूल पुढे दत्तक घ्यायचे असेल, तर पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, ती मुदत दोन वर्षांवर आली. कुटुंबांसाठी दार मोठे झाले. पण घरात आलेल्या मुलाशी वागायचे कसे, हे त्या कुटुंबाला कोण शिकवणार? आणि त्या कुटुंबाला दर महिन्याला भेटणाऱ्या कर्मचाऱ्याला कोण शिकवणार? चर्चा पात्रतेच्या अटींची झाली, या प्रश्नांची फारशी झाली नाही.

प्रतिपालकत्व आणि दत्तक यांत फरक काय?

दत्तक घेतलेले मूल कायद्याने त्या घराचे होते. नाव, वारसा, सगळे बदलते. प्रतिपालकत्वात तसे काही होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल ठरावीक काळासाठी एखाद्या कुटुंबाकडे सोपवले जाते. हा काळ काही महिन्यांचा असेल किंवा काही वर्षांचा. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही कुटुंबाची जबाबदारी. त्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून दरमहा ४ हजार रुपये मिळतात. आईवडील आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने मुलाला सांभाळू शकत नसतील, तर त्यांना मुलाला भेटायला येता येते. परिस्थिती सुधारली, तर मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते.

महाराष्ट्रात इथे हमखास गोंधळ होतो. ‘बालसंगोपन’ म्हटले की लोकांना आठवते ती राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आणि तिचे महिन्याचे २,२५० रुपये. मात्र त्या योजनेची मोठ्या संख्येने लाभार्थी मुले स्वतःच्याच आईजवळ, आजीजवळ किंवा काकांकडे राहतात. ते पैसे त्या घराला आधार म्हणून असतात. प्रतिपालकत्वात मूल नातेसंबंध नसलेल्या, अनोळखी घरात जाते. आजीला नातवाच्या सवयी माहीत असतात. अनोळखी घराला मुलाबद्दल जे कळते, ते फाइलमधल्या चार कागदांवरून. प्रशिक्षणाची खरी गरज आहे ती या दुसऱ्या घराला.

मुले तर सगळेच वाढवतात, मग शिकायचे काय?

प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो चुकीचाही नाही. दोन मुले वाढवलेल्या बाईला जेवणखाण, अभ्यास, ताप, खोकला हे शिकवावे लागत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी.

समजा, नऊ वर्षांची मुलगी घरी आली. पहिले तीन आठवडे ती कमालीची शहाण्यासारखी वागते. ताट उचलून ठेवते, हाक मारली की लगेच येते, हट्ट करत नाही. शेजारीपाजारी कौतुक करतात. मग एके दिवशी तिच्या उशीखाली वाळलेल्या पोळ्या सापडतात. विचारल्यावर ती ‘मी नाही ठेवल्या’ म्हणते. त्यानंतर खोटे बोलणे, वस्तू लपवणे, अंथरूण ओले करणे, घरातल्या लहान मुलाला चिमटे काढणे सुरू होते. घरच्यांना वाटते, एवढे केले आणि हे फळ. बालमानसशास्त्र जाणणाऱ्याला यात नवल वाटत नाही. ज्या मुलाने उपासमार पाहिली आहे, ते भरल्या घरातही उद्याची सोय करून ठेवते. ज्याला आजवर दोन-तीन ठिकाणांहून हलवले आहे, ते या घरातूनही काढतात का, हे तपासून पाहते. पहिल्या आठवड्यांतला शहाणपणा हा बहुतेक वेळा भीतीचा असतो. मूल त्रास द्यायला लागले, याचा एक अर्थ त्याला थोडे सुरक्षित वाटू लागले आहे, असाही असू शकतो.

ही एवढी एक गोष्ट आधी सांगितलेली असेल, तर पोळ्या सापडल्यावर घरात आरडाओरडा होत नाही. मुलीच्या हाताला येईल अशा जागी बिस्किटांचा डबा ठेवला जातो आणि ‘हा तुझा, कधीही घे’ एवढेच सांगितले जाते. सांगितलेले नसेल, तर तीच घटना मुलगी परत बालगृहात जाण्याचे निमित्त ठरू शकते. आधी तिला घर सोडावे लागले होते, आता घराने तिला सोडले. दुसऱ्यांदा परतलेल्या मुलाला तिसऱ्या घरावर विश्वास ठेवायला सांगणे किती अवघड असेल, याची कल्पना केलेली बरी.

आपल्याकडे हा मुद्दा जास्तच लागू होतो. नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा भर प्रामुख्याने सहा वर्षांवरील मुलांवर आहे. म्हणजे जे मूल घरी येते, त्याला स्वतःच्या आठवणी असतात, भाषा असते, देव असतो, आवडीनिवडी असतात आणि बऱ्याचदा आईवडीलही असतात.

प्रशिक्षणात कोणते विषय असायला हवेत?

तुटलेपणाचा मुलाच्या वागण्यावर होणारा परिणाम हा पाया. त्यावर उभे राहणारे बाकीचे विषय मात्र अगदी व्यवहारातले आहेत.

आईवडिलांच्या भेटीचेच घ्या. कायद्याने समितीच्या परवानगीने अशी भेट होते. भेटीनंतर मूल दोन दिवस जेवत नाही, चिडचिड करते. प्रतिपालकांना साहजिकच वाटते की या भेटी बंद झाल्या तर बरे. पण मुलाचे रडणे भेटीमुळे असते की पुन्हा झालेल्या ताटातुटीमुळे, हे वेगळे करून पाहायला शिकवावे लागते. मुलासमोर त्याच्या आईबद्दल वाईट न बोलणे, मग ती दारू पिणारी असो की तुरुंगात असलेली, हे ऐकायला सोपे आहे. रोज पाळायला नाही.

दुसरा विषय नावाचा. नवे मूल घरात आले की लाडाने नवे नाव ठेवण्याची आपल्याकडे हौस असते. मुलाकडे त्याच्या जुन्या घरातून आलेली एकच गोष्ट शिल्लक असते आणि ती म्हणजे त्याचे नाव. ते बदलू नये. त्याचे फोटो, जुन्या शाळेची वही, गावाचे नाव, आठवणी एका वहीत जपून ठेवाव्यात. परदेशांत सामाजिक कार्यकर्ते मुलाबरोबर बसून अशी ‘जीवनकथा वही’ तयार करतात. आपल्याकडे शंभर पानी वहीत हे काम होते.

तिसरा विषय मोबाइलचा. मूल घरी आल्याच्या आनंदात व्हॉट्सअॅप स्टेटसवर फोटो टाकला जातो, सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हेतू वाईट नसतो, पण मुलाला मारहाण करणारा एखादा नातेवाईक त्या फोटोवरून घर शोधू शकतो.

मुलाने पूर्वी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर काय करायचे, हा सर्वांत अवघड भाग. घाबरून ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणणे ही पहिली चूक. खोदून खोदून प्रश्न विचारणे ही दुसरी. शांतपणे ऐकून घ्यायचे, मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे, त्याला दोष द्यायचा नाही आणि कळवायचे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते प्रतिपालकांच्या मर्जीवर नाही.

यात एक विषय हमखास सुटतो, तो म्हणजे घरातली स्वतःची मुले. खोली वाटून घ्यायची, आईचा वेळ वाटून घ्यायचा, शाळेत ‘हा कोण?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे, हे सगळे त्यांच्याही वाट्याला येते. मोठ्यांनी निर्णय घेतला म्हणून त्यांची तयारी आपोआप होत नाही. शेवटचा विषय निरोपाचा. दोन वर्षांनी मूल आपल्या आईकडे परत गेले, तर ती योजना यशस्वी झाली असे कागदावर म्हणतात. त्या घरात मात्र सुतक पडल्यासारखे होते. याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते.

कायदा प्रशिक्षणाबद्दल काय म्हणतो?

कायद्यात प्रशिक्षण आहे. कलम ४४ मध्ये कुटुंब निवडताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे म्हटले आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने घेतलेल्या प्रशिक्षणाला किंवा उद्बोधन वर्गाला हजर राहण्याची कुटुंबाची तयारी असावी, अशी अट आहे. कर्मचाऱ्यांसाठी रुजू होतानाचे प्रशिक्षण आणि नंतरचे उजळणी वर्ग या दोन्हींची तरतूद आहे. तमिळनाडूतील अनाथालयांमधील मुलांच्या शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये दिलेल्या निकालातही कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आणि प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र काळजी आराखड्यावर भर होता.

भाषा नीट वाचली, तर एक फरक लक्षात येतो. बाल न्याय मंडळाच्या सदस्यांसाठी कायदा थेट मुदत घालतो, नियुक्तीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण झालेच पाहिजे. प्रतिपालक कुटुंबाकडून मात्र कायद्याच्या चौकटीत अपेक्षा आहे ती ‘तयारी असण्याची’. वर्गाला बसायची तयारी असलेल्या कुटुंबासाठी वर्ग भरलाच नाही, तर अट पूर्ण झाली की नाही? वैद्यकीय तपासणी, उत्पन्न, घरातली जागा या गोष्टींचे कागद असतात. कागद नसलेली गोष्ट प्रक्रियेत मागे पडते, हा कुठल्याही सरकारी कार्यालयातला अनुभव आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत अधिक स्पष्ट आहेत. प्रतिपालकांची तयारी, आधार आणि समुपदेशन हे मूल येण्यापूर्वी, मूल असताना आणि मूल गेल्यानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर असावे, असे ती सांगतात. प्रतिपालकांच्या संघटना व्हाव्यात, अशीही त्यांत सूचना आहे. आपल्याकडे ‘प्रशिक्षण’ या शब्दाने डोळ्यांसमोर येते ते जिल्हा नियोजन भवनातले एक दिवसाचे सत्र, चहा, पीपीटी, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. उशीखालच्या पोळ्या त्यानंतर दोन महिन्यांनी सापडतात.

कर्मचाऱ्यांची अडचण कुठे आहे?

जिल्हा बाल संरक्षण कक्षात संस्थाबाह्य काळजीसाठी एक संरक्षण अधिकारी असतो. जोडीला समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, आउटरीच वर्कर. कुटुंब शोधणे, गृहभेटीचा अहवाल, मूल आणि कुटुंब यांची जुळणी, नंतरचा पाठपुरावा हे सगळे याच मंडळींवर असते. कायद्यानुसार प्रतिपालक कुटुंबाची पाहणी दर महिन्याला व्हायला हवी. ती जबाबदारी बाल कल्याण समितीची असली, तरी पायपीट कक्षाच्या कर्मचाऱ्यांना चुकत नाही.

साधे गणित करून पाहू. समजा, नांदेड किंवा यवतमाळसारख्या १६ तालुक्यांच्या जिल्ह्यात ४० मुले प्रतिपालक कुटुंबांत आहेत. एसटीच्या प्रवासासह एका भेटीला अर्धा दिवस धरला, तरी कामाचे २० दिवस गेले. एका कर्मचाऱ्याचा महिना तिथेच संपला. बालविवाह रोखणे, हरवलेली मुले, समितीपुढची प्रकरणे, बालसंगोपनाच्या अर्जांची छाननी ही कामे उरतातच. मग भेट १५ मिनिटांची होते आणि अर्जातले चौकोन भरले जातात. मूल शाळेत जाते का? होय. आहार पुरेसा आहे का? होय.

इथे कौशल्याचा प्रश्न येतो. पाहणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलाशी एकट्याने बोलणे. दिवाणखान्यात, काकूंच्या समोर, ‘तुला इथे आवडते ना?’ असे विचारले, तर उत्तर एकच येणार. मुलाबरोबर अंगणात जाणे, चित्र काढायला लावणे, कालचा दिवस सकाळपासून सांगायला सांगणे, ते कुठे थांबते ते ऐकणे, ही शिकण्याची कामे आहेत. गृहभेटीचा अहवालही तसाच. घराचे चौरस फूट मोजता येतात. पण ‘हे मूल सहा महिन्यांनी परत गेले, तर तुम्हाला काय वाटेल?’ किंवा ‘तुमच्या लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची?’ हे प्रश्न विचारायला आणि उत्तरांमधले मौन समजायला सराव लागतो. काही जोडपी दत्तकाच्या लांबलचक प्रतीक्षा यादीला वळसा म्हणून प्रतिपालकत्वाकडे येतात. आता मुदत दोन वर्षांवर आल्याने हा मोह वाढू शकतो. तो ओळखून, न दुखावता त्यांना नीट समजावणे हेही कर्मचाऱ्याचेच काम आहे.

अडचण अशी की ही पदे बहुतांशी कंत्राटी, मानधनावरची आहेत. समाजकार्याची पदवी घेतलेला तरुण दोन-तीन वर्षे काम करतो, तयार होतो आणि कायम नोकरी मिळताच जातो. त्याच्याबरोबर त्याचे शिक्षण जाते. मुलाच्या दृष्टीने तर आणखी एक ओळखीचे माणूस जाते. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार त्यांच्या सेवाशर्तींपासून वेगळा करून चालत नाही, असे म्हणावे लागते.

बालगृहातल्या काळजीवाहकांचे प्रशिक्षणही याच साखळीतला दुवा आहे. मुलाला कशाची भीती वाटते, झोपताना दिवा लागतो का, हे त्यांनाच ठाऊक असते. मूल घरी पाठवताना ही माहिती बरोबर जात नसेल, तर नवे कुटुंब पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. बालगृहात मुलाला मारणाऱ्या कर्मचाऱ्याला कलम ८२ नुसार पहिल्या खेपेस १० हजार रुपये दंड आहे. पण न मारता २५ मुलांना रांगेत जेवायला कसे बसवायचे, हे दाखवणारा कोणी नसेल, तर दंडाच्या भीतीने फार तर मार दिसेनासा होतो.

इतरत्र हे कसे चालते?

इंग्लंडमध्ये प्रतिपालकांसाठी प्रशिक्षण, आधार आणि विकास यांची सात मानके ठरलेली आहेत. मान्यता मिळाल्यापासून १२ महिन्यांत ती पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा लागतो. नात्यातले मूल सांभाळणाऱ्यांना १८ महिने मिळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे दोन वेगळे सामाजिक कार्यकर्ते असतात, एक मुलाचा आणि एक कुटुंबाचा. आपल्याकडे एकच माणूस कुटुंबाला धीर देतो आणि त्याच कुटुंबाची तपासणीही करतो. अशा माणसाजवळ ‘मला आता हे झेपत नाही’ हे कोण मोकळेपणाने बोलेल? अर्थात, तिथेही प्रतिपालकांची टंचाई आहेच.

दुसरे उदाहरण रुमानियाचे. बुखारेस्टमधील संस्थांमधल्या १३६ लहान मुलांवर अमेरिकी संशोधकांनी २००१ पासून अभ्यास केला. निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत गेली. त्यांची बौद्धिक आणि भावनिक वाढ संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस ठरली, विशेषतः जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली त्यांची. कुटुंब संस्थेपेक्षा चांगले, हे सांगताना जगभर याच अभ्यासाचा दाखला दिला जातो. पण तिथल्या कुटुंबांना नियमित भेटणारे सामाजिक कार्यकर्ते होते आणि त्या कार्यकर्त्यांनाही तज्ज्ञांचे सतत मार्गदर्शन मिळत होते, हे सांगायचे राहून जाते.

आपल्याकडे साधने अगदीच नाहीत असे नाही. बंगळूरुच्या निम्हान्समधील ‘संवाद’ हा उपक्रम केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या पाठबळावर बालसंरक्षणातल्या कर्मचाऱ्यांना मुलांचे मानसिक आरोग्य आणि संवादकौशल्ये शिकवतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत. त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी दर आठवड्याला बाहेर पडतातच. अनुभवी प्रतिपालक आणि नवी कुटुंबे यांची महिन्यातून एकदा बैठक घ्यायला फार मोठ्या निधीची गरज नाही. दहा कुटुंबांना एकत्र बसवले, तर पोळ्यांची गोष्ट त्यांतला कुणीतरी स्वतःच सांगेल.

इच्छुक कुटुंबांनी काय करावे?

वयाची किमान अट ३५ वर्षे आहे. एकट्या महिलेला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा सांभाळता येतो. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर होते. प्रत्यक्ष माहितीसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे लागते.

तिथे कोणती कागदपत्रे लागतील, हे विचारलेच जाते. त्याबरोबर आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मूल येण्यापूर्वी आमचे प्रशिक्षण किती दिवसांचे आणि कोण घेणार? मुलाच्या आरोग्याची आणि आधीच्या आयुष्याची कोणती माहिती आम्हाला मिळणार? पहिल्या तीन महिन्यांत भेटायला कोण येणार? या जिल्ह्यात आधीपासून मूल सांभाळणारे कुटुंब आहे का आणि त्यांच्या संमतीने त्यांच्याशी बोलता येईल का? रात्री अकरा वाजता मूल घर सोडून निघून गेले, तर फोन कुणाला करायचा? १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन २४ तास सुरू असते. पण आपल्या मुलाची फाइल माहीत असलेल्या एका माणसाचा नंबर हमीपत्रावर सही करण्याआधीच मागून घ्यावा.